खांद्यावरचा हात

सेनापतीचा फोटो आला तेव्हा साखर पेठेत वीज गेली होती.
पॉवरलूमवाले पायरीवर येऊन बसले होते.
माझा माग हाताचा, त्याला विजेचं सुतक नाही.
पुतणी श्रावंतीनं मोबाईल पुढं धरला :
मल्लेशम काका, चीनहून ऑर्डर आहे, चार बाय तीन,
कुणाचे तरी आजोबा.

चौकटीच्या कागदावर घरं भरायला घेतली.
टोपी. टोपीवरचा तारा, तांबडा, सव्वीस घरं.
कपाळ कोळसा पाडणाऱ्याच्या पोराचं,
काजळी धुऊनही भुवईत उरलेली.
डावा कान तोफेनं बंद केलेला,
म्हणून उजवा जरा पुढं काढून उभा,
गर्दीत आपलं नाव ऐकू येतंय का
असं बघणाऱ्यासारखा.

नात लिहायची, श्रावंती वाचून दाखवायची.
सहाशे माणसं घेऊन आजोबा रात्री नदीत उतरले,
पलीकडे दोनशे अकरा निघाले.
हे मला कळतं.
सहाशे धाग्यांतले दोनशे अकरा उरले
तर तो ताणा आमच्यात कुणी मागावर ठेवत नाही.
त्यानं ठेवला.

नवव्या दिवशी मी खांद्याशी आलो
आणि धोटा थांबवला.
उजव्या खांद्यावर चार बोटं होती.
फोटो तिथंच संपत होता, कात्रीनं, सरळ.

विचार गं तिला, हा हात कुणाचा.

दोन दिवस उत्तर नाही.
मग आलं ते लांबलचक.
नदीत बरोबर होता तो. पुढं एका वर्षी
वरून कागद आला, की तो माणूस शत्रूचा.
आजोबांनीच कापला, जेवणं झाल्यावर.
आजीनं कात्री शोधून दिली.
हात काढायचा तर स्वतःचा खांदा कापावा लागला असता,
म्हणून राहिला.
नाव घरात कुणाला माहीत नाही.
बाबांना वाटतं बोटं नकोत, पदकं हवीत, सातही.
बाबा ब्याण्णव वर्षांचे आहेत.
मला बोटं हवीत.
तुम्ही काय कराल?

मी काय करणार.
संपाच्या साली आमचा राजय्या चुलता
मिलच्या फाटकातून आत गेला, पोरं उपाशी म्हणून,
आणि त्या रात्रीपासून आमच्या घरात
राजय्या नावाचं कुणी नव्हतंच.
आईच्या लग्नाच्या फोटोत कडेला
एका धोतराचा काठ अजून आहे, जरीचा.
माणूस नाही.
मी विचारण्याजोगा झालो तोवर
सांगणारे गेले.

त्या दुपारी भाकरी तशीच राहिली.
मागावर चित्र उलटं विणतात,
आमच्या बाजूला सगळ्या गाठी, लोंबती टोकं,
चेहरा पलीकडे, भिंतीकडे.
मी सातही पदकं विणली, पिवळं सूत महाग होतं तरी.
म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा.
मग सेनापतीच्या गालासाठी भरलेली कांडी
संपली नव्हती,
तीच घेतली बोटांना.
निराळा रंग काढला नाही.
नखं दिसत नव्हती फोटोत, चारही दिली.
अंगठा मागं असणार, पाठीवर.
तो विणता येत नाही.

नातीनं विचारलं, हाताचे जादा किती?
श्रावंतीला म्हटलं, लिही,
हात खांद्याच्या हिशेबात धरलाय.

पार्सलात बायकोनं शेंगाचटणीची पुडी टाकली होती.
ती कस्टमवाल्यांनी काढून घेतली म्हणे.
चित्र पोचलं.